ताईने डॉक्टरांना न सांगितलेल्या गोळ्या

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी मोठी बहीण येवल्याला पैठणी विणते. दिवसभर मागावर बसून वजन वाढतंय, असं सारखं म्हणायची. मी रोज ग्रीन टी पिते, मला बरं वाटतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिला ग्रीन टीच्या गोळ्या मागवून दिल्या. पानांच्याच तर आहेत, त्यांनी काय होणार, असं वाटलं.

परवा तिचे डोळे पिवळे दिसले. आज तिला नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "आणखी कसल्या गोळ्या घेता का?"

ताई म्हणाली, "नाही."

मी मध्येच बोलले, "घेते डॉक्टर. ग्रीन टीच्या. मीच दिल्यात."

"बहुतेक त्यानेच झालंय. कपभर ग्रीन टी प्यायला हरकत नाही, पण गोळ्यांत अर्क फार जास्त असतो. काहींच्या लिव्हरला तो सोसत नाही. आजपासून बंद करा. वेळेत आलात, बऱ्या व्हाल."

बाहेर आल्यावर मला रडूच आलं. "डॉक्टरांना 'नाही' का म्हणालीस गं?"

"तू किती मायेनं दिल्या होत्यास. ते तुला बोलले असते ना."

तुमच्या घरातही कुणी असं आपल्याला सांभाळायला गप्प बसलं असेल का? आज जरा विचाराल?