चोकची वाकलेली दांडी

लेस थ्रॉपचं निम्मं आयुष्य कार्बोरेटरवर वाकण्यात गेलं. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या मोटार-कारखान्यात एकतीस वर्षं एकच बाक, एकच खिडकी. कारखाना पाडून तिथं गाद्यांचं दुकान झालं, तरी त्याच्या बोटांचा पेट्रोलचा वास जात नाही, असं त्याची बायको पॉलीन म्हणे. बोलणं त्याला जमत नसे. शेजारच्या घरात माणूस वारला तेव्हा तो काही न बोलता त्यांच्या फाटकाची बिजागरी दुरुस्त करून आला होता.

जूनच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्यांची मंडळी माल्व्हर्नच्या टेकड्यांकडे निघत. लेसचा जुना दोस्त सिरिल क्रॅडॉक, त्याची हिरवी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार बेचाळीस वर्षं त्या रांगेत होती. यंदा सिरिलनं फोन करून सांगितलं, "चोक अडकतोय. ओढला की परत आत जात नाही. इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरतं. मी येत नाही."

मार्चमध्ये त्याची बायको एनिड वारली होती. तेव्हापासून तो कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापलीकडे कुठं गेला नव्हता.

"चोक कसला!" पॉलीन म्हणाली. "यंदा घरात बसला तर कायमचा बसेल तो. जा, गाडी चालू कर त्याची. मी सँडविच घेऊन आपल्या गाडीनं मागून येते."

लेस सकाळी आठला सिरिलच्या गॅरेजात पोचला.

"नवी केबल आणलीय. अर्ध्या तासाचं काम."

"नको."

"वाढदिवसाची भेट समज."

"माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो, लेस. नको म्हटलं ना."

दोघं बॉनेट उघडून उभे राहिले. पन्नास वर्षांच्या ओळखीत ते एकमेकांकडे फारसं बघून बोलले नव्हते. जे काही बोलायचं ते इंजिनाकडे बघून.

लेसनं कार्बोरेटरजवळचा नट सैल करून केबल सोडवली. तिथला छोटा दांडा बोटानं खाली दाबला. तो टुणकन वर आला.

"आता आतून चोक ओढून परत ढकल."

सिरिलनं ओढला. ढकलला. डॅशबोर्डवरची दांडी अर्ध्यावर थांबली.

"म्हणजे कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे," लेस म्हणाला. मग तो डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झाला. पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च. चोकची दांडी खाली वाकलेली होती. ज्या लोखंडी पट्टीतून ती आत जायची, तिच्या भोकाच्या खालच्या काठावर ती घासत होती आणि काठ आरशासारखा चकाकत होता. अशी झीज एका हिवाळ्यात होत नाही.

त्यानं तोंडातला टॉर्च काढला. "म्हाताऱ्या, हिच्यावर काय टांगायचास? विटा?"

लेसला फक्त सिरिलचे बूट दिसत होते.

"एनिड पर्स टांगायची," बूट म्हणाले. "मी दरवेळी ओरडायचो. बाई गं, ती खुंटी नाही! ती म्हणायची, मग इतकी छान खुंटी तिथं लावली कशाला?"

"काय असायचं एवढं त्यात?"

"अख्खं घर. छत्री, केक, माझ्या गोळ्या, नकाशा. नकाशा उलटाच धरायची."

"मग इतकी वर्षं अडकला कसा नाही हा?"

"इंजिन तापलं की तीच आत ढकलायची. माझं लक्ष रस्त्यावर. जरा वर उचलून ढकलायची, असं आत्ता आत्ता आठवतंय. मला वाटायचं, सवय आहे तिची."

लेस तसाच पडून राहिला. वाकलेलं काढायचं, सरळ लावायचं, हे त्यानं एकतीस वर्षं केलं होतं. नवी केबल त्याच्या पिशवीत तयार होती. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "बारीक कानस दे. आणि एक पेन्सिल."

दांडीला त्यानं हात लावला नाही. भोकाचा खालचा काठ तेवढा घासला, नखाच्या जाडीएवढा. पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड आत फुंकली. मग केबल परत जोडली, किंचित ढील ठेवून.

सिरिलनं चोक ओढला, किल्ली फिरवली. काळ्या धुराचा एक लोट निघाला, इंजिन खोकलं, आणि सुरू झालं.

"साडेनऊला निघतात ना?" सिरिलनं विचारलं.

"साडेनऊला."

तो आत जाऊन टोपी घेऊन आला. लेस शेजारच्या सीटवर गुडघे दुमडून बसला. हत्यारांची पिशवी ठेवायला जागा नव्हती. तो इकडंतिकडं बघू लागला.

"मांडीवर धर," सिरिल घाईनं म्हणाला.

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. इंजिन तापलं, त्याचा आवाज जड व्हायला लागला. सिरिलची नजर समोर होती.

"आता ढकल आत," तो म्हणाला. "जरा वर उचलून."

उचलायची आता गरज उरली नव्हती, हे लेसइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं तळहात दांडीखाली नेला, जरा वर उचलली, आणि आत ढकलली.