पट्टी बांधलेली कलमं

हसू नका, आधी ऐका! एवढा घोळ घालूनही मी अजून लांज्याला तोंड दाखवतो, म्हणजे माझी कातडी किती जाड आहे ते कळेल तुम्हाला.

बावन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. काय तो आनंद! पहिल्याच आठवड्यात घरातले पंखे पुसले, स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले, वर चिठ्ठ्याही चिकटवल्या. आठव्या दिवशी बायकोने हात जोडले. "अहो, तुम्ही लांज्याला बाबांच्या बागेत जा. रमाल तिथे."

बाग! मी नाचायचाच बाकी राहिलो. खरं सांगू? जन्म रत्नागिरीत गेला, पण आंब्याशी माझा संबंध फक्त खाण्यापुरता.

सासरे लग्नासाठी दोन दिवस गुहागरला निघाले होते. बागेतल्या सावलीच्या मांडवाखाली पिशव्यांत लावलेली हापूसची चाळीस कलमं दाखवून म्हणाले, "जावईबापू, एवढी नीट सांभाळलीत, तर यंदापासून बाग तुमच्या हवाली. फक्त खालून फूट आली ना, तर ती..."

"बाबा, तुम्ही निघा! गाडी चुकेल. मी आहे ना!"

तिथेच माती खाल्ली की हो!

सकाळी बघतो तर काय, प्रत्येक पिशवीत दोन फांद्या. खालून निघालेली हिरवीगार, तरारलेली. वरची मात्र काडीसारखी, चार पानांची, आणि बुडाशी प्लास्टिकची पट्टी! आता पट्टी कोणाला बांधतात? आजाऱ्याला! म्हटलं, ही मेली दुसरीचं पण सत्त्व खाणार. घेतली कात्री आणि कचाकच!

शेजारच्या शांताकाकू दगडी गडग्यापलीकडून बघत होत्या. त्यांना नीटसं दिसत नाही. "काय हो जावयांचा उरक! वायच आमच्या पण दहा कलमांकडे बघा की."

नाही कसं म्हणणार? त्यांचीही दहा उडवली. वर फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकला. मेहुणीने लगेच लिहिलं, "जावई असावा तर असा!" मी हवेत!

तिसऱ्या दिवशी सासरे आले. मी छाती काढून उभा. त्यांनी एक पिशवी बघितली, दुसरी बघितली आणि मटकन चिऱ्यावर बसले.

"पट्टीच्या वरचं कुठे गेलं?"

"आजारी होतं, काढून टाकलं! चाळीसच्या चाळीस! काकूंचीही दहा!"

"अहो, पट्टी कलमाच्या जोडाला बांधतात! वरचा तो हापूस. खालून फुटतं ते रायवळ, गावठी झाड, ते काढायचं असतं! पन्नास रायवळ वाढवलीत तुम्ही!"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. बाग तर गेलीच, पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता चार शिव्या हासडतील म्हणून मी मान खाली घालून उभा.

सासऱ्यांनी आधी ती कात्री उचलून आपल्या ताब्यात घेतली. मग शांतपणे म्हणाले, "जावईबापू, ऑफिसातपण असंच मन लावून काम करायचात?"

"छे हो, बाबा! तिथे दिवसभर नुसत्या गप्पा आणि चहा."

"तरीच," ते म्हणाले, "ते ऑफिस अजून उभं आहे."