काकांच्या मोहरेवरच्या रेघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, काकींना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मागच्या महिन्यात एक माणूस घरी येऊन गेल्यापासून मला गप्प बसवत नाही. पण त्याच्याकडे नंतर येतो. आधी काकांबद्दल सांगू दे. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की मला फार बरं वाटतं. ते बरं वाटणंच टोचतं.

भास्करकाका माझ्या नात्यातले नव्हते. ते वसईजवळच्या जूचंद्र गावातल्या जुन्या शेतकरी घरातले. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला, तिथल्याच एव्हरशाईन वसाहतीत भाड्याने राहणारा, कामणच्या एका गोदामात सुपरवायझर. आजोबांचा चांदीचा एक रुपया घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो — कुणीतरी म्हणालं होतं, त्यांना नाण्यांतलं कळतं. काकांनी रुपया कडेने धरून उजेडात फिरवला.

"कोनी घासला रं याला?"

आईने दर दिवाळीला चिंचेने घासला होता.

"मंग ही आता नुसती चांदी. नानं गेलं त्यातलं."

माझा चेहरा उतरलेला पाहून ते हसले, आणि काकींना सांगून मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुकट. अनोळखी माणसाला!

पुढची सहा वर्षं माझा जवळजवळ प्रत्येक रविवार त्या घरात गेला. काका जन्मभर वसई पूर्वेच्या एका कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवत होते, त्यामुळे नाणं हातात घेतलं की त्यांना त्यामागचा साचा दिसायचा. झीज कुठे सुरू होते, खरी चकाकी कशी फिरते, पॉलिशची कशी एका जागी बसते — हे सगळं त्यांनी मला शिकवलं. एक पैसा न घेता, एकदाही न कंटाळता. "आधी उजेड बघ, मंग नानं बघ," म्हणायचे. गोदामात माझ्याशी धड कुणी बोलत नसे. इथे एक माणूस माझ्या मताची वाट बघत बसायचा. ते काय असतं, हे एकट्याने परगावी राहिलेल्यालाच कळेल.

आसपासचे लोक जुनी नाणी घेऊन त्यांच्याकडे यायचे. काका दर्जा ठरवून कागदावर दोन ओळी लिहून द्यायचे, खाली सही. त्या कागदाला लोक मान देत.

त्यांचं स्वतःचं सोन्याचं नाणं एकच होतं. जमीन विकली गेली तेव्हा भावांनी गाड्या घेतल्या, काकांनी एक मोहर घेतली. इंग्रजांच्या राणीच्या काळातली, प्रूफ — म्हणजे बाजारात चालवायला नव्हे, तर दाखवायला म्हणून पाडलेली. साचा आरशासारखा चकचकीत करायचा आणि ठसा जोर देऊन उमटवायचा. तिच्या सपाटीत खिडकीचे गज दिसायचे, आणि वर राणीचा चेहरा मात्र दुधाळ. अशा नाण्यावर नुसतं मऊ फडकं फिरवलं तरी केसाएवढ्या रेघा पडतात. त्या पुन्हा जात नाहीत. म्हणून पहिला नियम — उघड्या नाण्यावर बोलायचं नाही. थुंकीचा थेंबसुद्धा नको.

लोकांनी खूप आग्रह केला, म्हणून काकांनी ती मोहर दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवायचं ठरवलं. मुंबईतल्या एजंटकडे ती मीच पोचवणार होतो. आदल्या रविवारी त्यांनी ती डबीतून काढून माझ्यासमोर मखमलीवर ठेवली. "बघून घे पोटभर," म्हणाले, आणि दारात कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेले.

आणि मी — मी बोललो. एकटाच होतो, तरी बोललो. एखाद्या गिऱ्हाईकाला समजावतोय असं नाटक करत, काकांच्या आवाजात. किती हौस होती मला त्यांच्यासारखं होण्याची! एक थेंब राणीच्या गळ्यापुढच्या सपाटीवर पडला.

काय करायला हवं होतं? हाक मारायची. त्यांनी कपाटातलं औषध काढून, हात न लावता, ते धुतलं असतं. रागावले असते, बस्स. मला ते रागावणं नको होतं. मी खिशातला रुमाल काढला आणि पुसलं. एकदाच. मोहर डबीत घातली, झाकण दाबलं. काका आत आले तेव्हा मी म्हणालो, "झालं बघून."

तीन महिन्यांनी मोहर परत आली. तिच्यासोबतच्या चिठ्ठीवर दर्जाचा आकडाच नव्हता. नाणं अस्सल, पण पुसलेलं, एवढाच शेरा. काका दिव्याखाली भिंग लावून बसले. खूप वेळ बसले. मी समोर होतो.

"हायत रं रेगा," ते म्हणाले. "इतकी वर्सं मना कशा नाय दिसल्या?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात तेच म्हणाले, "माजं डोलं गेलं पोरा. घेतली तवाच पुसलेली व्हती." आणि मी तोंड मिटलं.

त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, तू हात लावलास का. माझ्यावर शंका घ्यावी हे त्यांच्या मनातच आलं नाही.

पण खरी लाजेची गोष्ट ही नाही. ती पुढे आहे.

काकांनी ठरवलं, की आपले डोळे खोटे, तर आपण लिहून दिलेलं सगळंच खोटं. ज्यांना कागद दिले होते त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवं. सात घरं निघाली. गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती. मग कुणी नेलं? मी नेलं. दोन रविवार, सात घरं. प्रत्येक दारात ते चप्पल काढून उभे राहायचे आणि वयाने लहान माणसांना हात जोडायचे — "माजं मत धरू नका. नजर ऱ्हायली नाय. यापुढं या पोराला दाखवा." मी शेजारी उभा असायचो. लोक माझ्याकडे आदराने बघायचे. सातव्या घरातून निघाल्यावर मागे बसून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू व्हतास म्हनून झालं रं," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी भिंग हातात घेतलं नाही. मला देऊन टाकलं. चार वर्षांनी गेले. त्या चार वर्षांतही रविवारी मी जात होतो, काकी जेवायला वाढत होत्या, आणि नाणी घेऊन आलेल्यांना काका कौतुकाने माझ्याकडे पाठवत होते. आज लोक माझं मत विचारतात. मुलीची फी भरतो ती त्यावर. जे दिसतं ते त्यांनी दिलेल्या नजरेने दिसतं. असं देणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि एकदा भेटला हेच माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं भाग्य.

मागच्या महिन्यात आला तो त्या सात घरांपैकी एकाचा मुलगा. सोबत वडिलांची सोन्याची मोहर आणि काकांच्या हातचा कागद. "यावर जाऊ नका," तो म्हणाला, "शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं, असं बाबा सांगायचे." मी मोहर अर्धा तास पाहिली. काकांनी लिहिलं होतं त्यात मला एक शब्द बदलता आला नाही. मी त्याला एवढंच म्हणालो, "बरोबर आहे हे." का बरोबर आहे, ते सांगितलं नाही. तेव्हासुद्धा नाही.

हे लिहून झालं की मी जूचंद्रला जाणार आहे. काकींना वाचून दाखवेन. मग उरलेल्या सहा घरी, आणि या मुलाच्याही, जाईन — दारात उभा राहून सांगेन, की काकांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, आणि मोहर मी पुसली.