नांदेडचं रेकॉर्डिंग

टेपताईंनी आमच्यासाठी कधी टाळी वाजवली नाही. आमच्या दौऱ्याच्या बारापैकी दहा कार्यक्रमांना त्या पहिल्या-दुसऱ्या रांगेत होत्या. आजूबाजूचे लोक उभे राहून ओरडत असायचे आणि त्या मांडीवरचा रेकॉर्डर दोन्ही हातांनी धरून, श्वाससुद्धा बेताने घेत बसलेल्या असायच्या. जालन्याच्या कार्यक्रमानंतर आमच्या विन्याने त्यांना विचारलंच, "काय ताई, आवडलं नाय का?" त्या म्हणाल्या, "लई आवडलं. पण माझी टाळी माइकच्या जवळ पडती ना रे. तुमच्यापेक्षा मोठी ऐकू येईल."

आमच्या बँडचं नाव 'खडीक्रशर'. विन्या गायचा आणि गिटार वाजवायचा, मी बास गिटारवर, शिवाय एक ड्रमवाला आणि एक हलगीवाला. दौलताबादकडच्या एका क्रशरवर जाऊन रेकॉर्ड करून आणलेला, दगड फुटण्याचा आवाज मागे लावायचा आणि त्यावर वाजवत सुटायचं. पन्नास मिनिटांचा एकच तुकडा. सुरुवात ठरलेली, पुढचं काहीच ठरलेलं नाही. निम्मे लोक मधूनच उठून जात. उरलेल्यांना आम्ही देव वाटत असू. निदान आम्हाला तसं वाटायचं.

पहिला कार्यक्रम सिडकोतल्या एका हॉलमध्ये दुपारी झाला. शेजारच्या इमारतीत पॅथॉलॉजी लॅब होती आणि ताई तिथे रक्त तपासायला होत्या. पंचेचाळिशीच्या, करमाडच्या शेतकरी घरातल्या, लग्न न केलेल्या, शहरात खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या. आवाज कमी करा, एवढं सांगायला त्या पांढरा कोट घालूनच खाली आल्या आणि दारात उभ्या राहिल्या त्या शेवटपर्यंत. आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा जवळ आल्या.

"ते मधी घसरत घसरत खाली आलं ना, तेवढं परत वाजवा बरं."

"ते परत येत नाही ताई," मी म्हणालो. "तेवढ्यापुरतंच असतं."

"म्हंजे गेलं?"

"गेलं."

त्यांना ते पटेना. "मंग कुणीतरी ठिवायला पायजे. रक्त सांडलं तर परत काढता येतं. ह्ये कुठून काढणार?"

विन्याने हसत आपल्या फोनवरचं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग त्यांना पाठवून दिलं. तो पहिला नमुना. पुढच्या कार्यक्रमाला त्या स्वतःचा रेकॉर्डर घेऊन हजर. हातात मावेल एवढा, आणि पंख्याचा वारा लागू नये म्हणून माइकवर लॅबमधल्या जखमेच्या जाळीदार पट्टीचे चार पदर, वरून चिकटपट्टी. टेपताई हे नाव विन्याने ठेवलं. टेप कुठेच नव्हती, पण नाव बसलं.

प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद त्या रक्ताच्या बाटलीवर चिठ्ठी लावावी तशी करत. नमुना क्रमांक, गाव, तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. खाली शेरा. "बास थोडा कमी." "उजवीकडे एक गृहस्थ सतत खोकले." बीडला विन्याचा आवाज मधेच फाटला होता. तेवढं कापून टाका, असं त्याने सांगितलं तेव्हा ताईंनी वही मिटली. "रिपोर्ट जसा येतो तसाच द्यावा लागतो विन्या. पेशंटला वाईट वाटतं म्हणून साखर कमी लिवता येती का?"

आम्ही त्यांना फार जीव लावायचो, असं मी पुढे लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. आम्ही टेम्पो करून जायचो. त्यात एक बाई सहज बसली असती. विन्या म्हणाला, ताई असल्या की मोकळं बोलता येत नाही. मी काही म्हणालो नाही. म्हणून ताई परभणीला, लातूरला, सोलापूरला एसटीने आल्या, रेकॉर्डरची पिशवी पोटाशी धरून. कार्यक्रम झाला की स्टँडकडे निघायच्या, कारण सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक रांगेत असायचे. जाताना प्रत्येकाला सांगायच्या, "आज चांगलं झालं बरं का." कोणाला काय चांगलं झालं तेही नेमकं सांगायच्या. माझा बास इतकं लक्ष देऊन त्यानंतर कोणी ऐकलेला नाही.

नांदेडला मात्र त्यांना येता आलं नाही. लॅबमधली दुसरी बाई रजेवर होती. तिथल्या कॉलेजचं सभागृह गच्च भरलेलं होतं. मधे क्रशरचा आवाज बंद पडला, विन्या यंत्राशी झटापट करायला लागला आणि लोक चुळबुळ करू लागले. तेव्हा मी माइक ओढून घेतला. मला नकला बऱ्या जमतात. मी ताईंचा आवाज काढला. नमुना क्रमांक नऊ, उजवीकडचे गृहस्थ खोकले. आमच्यामागे फिरणारी एक बाई आहे, तिची ही वही, असं सांगितलं. लोक हसले. हसले तसा मी पुढे गेलो. अगदी करमाडच्या हेलात म्हणालो, "माह्या घरी बोलायला कुणीच नाय बाबा, म्हून ह्या पोरांचा आवाज बरणीत भरून नेते." सभागृह फुटलं. विन्या यंत्र सोडून हसत खाली बसला. त्या दौऱ्यात आम्हाला कुठेच मिळाला नव्हता एवढा प्रतिसाद त्या वाक्याला मिळाला.

माझा फोन रेकॉर्डिंग चालू करून ॲम्प्लिफायरवर ठेवलेला होता. त्यात ते सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "संजू, नांदेडचं कुणी भरलं का रे?"

"नाही हो ताई."

दौरा संपला आणि सहा महिन्यांत बँडही संपला. विन्या पुण्याला नोकरीला गेला. मी औरंगपुऱ्यात वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं. ताईंचा दौरा मात्र संपेना, कारण त्यांच्याकडे अकराच होते. त्यांनी त्या कॉलेजला पत्रं लिहिली. सभागृहाच्या वॉचमनपासून प्राध्यापकांपर्यंत फोन केले. फोटोत दिसणाऱ्या प्रेक्षकांची नावं शोधून त्यांना निरोप पाठवले. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन माझ्या दुकानी यायच्या, बसायच्या, आणि उठताना विचारायच्या, "नांदेडचं काय कळलं का?" मी नाही म्हणायचो. आठ दिवाळ्या मी त्यांच्या हातची चकली खाल्ली आणि नाही म्हणालो. पुसून टाकायला हवं होतं, तेही केलं नाही. त्यात माझं वाजवणं चांगलं झालं होतं.

नवव्या वर्षी, दिवाळी नसताना, भर दुपारी त्या दुकानात आल्या. नांदेडच्या एका शिक्षिकेच्या जुन्या फोनमध्ये ते सापडलं होतं. मी गिऱ्हाइकाच्या हार्मोनियमचा भाता उघडून बसलो होतो. त्यांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवला, हेडफोन माझ्याकडे सरकवला.

"आवाज नीट आलाय का बघ. पूर्ण ऐक."

मी ऐकायला लागलो. त्या समोर स्टुलावर बसून राहिल्या. मला वाटत होतं, कदाचित त्यांनी अजून ऐकलं नसेल. ती जागा आली तेव्हा मी खाली भात्याकडे बघत होतो. हसणं बराच वेळ चालतं. नंतर वाजवणं सुरू होतं. मी हेडफोन काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून हाय. संपू दे." मी परत घातला.

संपल्यावर मी म्हणालो, "ताई, ते तेव्हा असंच..."

"तुझ्याकडं होतं का हे?"

"होतं."

"पहिल्यापास्नं?"

"व्हय."

त्यांनी वायर बोटांवर गुंडाळली. "बोललास त्याचं एवढं नाय. लोक समोर असले की माणूस वाहावतं. पर मी नांदेडच्या लोकांना फोन करत व्हते संजू. नऊ वर्षं. नाव सांगून. ज्यांनी हे ऐकलेलं त्यांनाच मी इचारत व्हते, कुणाकडं हाय का म्हणून. अन् त्यातलं एक जण तर फोनवर हसलं व्हतं. मला वाटलं, माणूस खुशीत हाय."

त्यांनी वही काढली, माझ्यासमोर नमुना क्रमांक नऊची रिकामी ठेवलेली ओळ भरली आणि चहा न घेता गेल्या. त्या दिवाळीला आल्या नाहीत.

पुढे गुडघेदुखी आणि साखर दोन्ही वाढली म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि करमाडला भावाकडे राहायला गेल्या. त्याच सुमारास विन्याचा फोन आला. पुण्यातल्या एका कंपनीला आमच्या पूर्ण दौऱ्याची रेकॉर्डिंगं बाजारात काढायची होती. "जुने ऐकणारे वेडे झालेत अबे. टेपताईकडून सगळं घेऊन ये. नांदेडचंही सापडलं म्हणालास ना, त्यातलं ते तुझं भाषण तेवढं काढून टाकू."

मी करमाडला गेलो. ताई ओसरीत खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. भावजयीने पाणी दिलं. मी निरोप सांगितला. ताईंनी भावजयीकडून आतून हार्ड डिस्क आणि वही मागवली आणि माझ्या हातात दिली. इतक्या सहज की मला आधी समजलंच नाही.

"माझी हरकत नाय. पर काढलं तर बारा काढा. नांदेड धरून, न कापता. नायतर ऱ्हाऊ द्या."

"ताई, ते लोकांनी ऐकलं तर तुमचंच..."

"माझं काय ऐकायचं राह्यलंय? त्याच्यात आवाज तुझा हाय. तूच ठरव." मग भावजयीला म्हणाल्या, "ह्याला भाकर वाढ."

जेवण करून मी निघालो. जालना रोडवर गाडी कडेला घेऊन विन्याला फोन लावला आणि सांगितलं, "ताई नाही म्हणतात."

विन्याने त्यांना तोंडाला येईल ते म्हटलं. मी ऐकून घेतलं. हळूहळू ते पसरलं. खडीक्रशरचा सगळा दौरा एक बाई दाबून बसली आहे, बँडच्याच जिवावर बँडवर हक्क सांगते आहे, असं आमचे जुने ऐकणारे नेटवर लिहायला लागले. काहींनी त्यांचं नावही शोधून काढलं. ताईंनी कधी कोणाला उत्तर दिलं नाही. त्यांच्यापर्यंत ते पोहोचलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यानंतर मी करमाडला गेलोच नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेराव्याला विन्या पुण्याहून गाडी घेऊन आला आणि आम्ही बरोबरच करमाडला गेलो. फोटोला हार घातला, जेवलो, भावाशी दोन शब्द बोललो. भाऊ साधा माणूस. म्हणाला, "बाई तुमचं लई कौतिक सांगायची." परत येताना शेंद्र्याच्या पुढे विन्या म्हणाला, "वाईट झालं यार. पण आता भाऊ तरी देईल का रे रेकॉर्डिंग? तू ओळखीचा आहेस, विचारून बघ."

हार्ड डिस्क माझ्या दुकानातल्या कपाटात, वरच्या फळीवर, वहीत गुंडाळून ठेवलेली आहे.

"विचारतो," मी म्हणालो.