चारचा आठ

मी आयुष्यात कधी घोड्यावर एक रुपया लावला नाही. आमच्यात जुगार हराम, आणि घरचं वळण असं की पत्त्यांचा जोड घरात सापडला तरी मामा दोन दिवस जेवायचे नाहीत. तरीही दुबईत एका मोसमात दर शनिवारी विलायतेतल्या घोड्यांची भविष्यं मीच सांगत होतो. पाप करायचं नाही, फक्त दुसऱ्याला वाट दाखवायची, असा त्यातला माझा हिशेब होता. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमिराती अजून व्हायच्या होत्या, बाजारात रुपयेच चालायचे. मी रत्नागिरीकडचा, त्याआधी सहा वर्षं मुंबईत एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. तिथे रेसची पुस्तकं छापली जायची, विलायतेतल्या शर्यतींचीही. कोणता घोडा कुठे, किती अंतर, कसल्या जमिनीवर पळाला, हे वाचून वाचून मला पाठ झालं होतं. दुबईत एका बांधकाम कंपनीत कारकून म्हणून लागलो. आमच्या इंग्रज साहेबांना एकदा विमानाने आलेल्या शिळ्या वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेलं पाहिलं आणि मी सहज म्हणालो, "सर, हा घोडा चिखलात पळत नाही." तो खरंच पळाला नाही. त्या दिवसापासून साहेबांनी मला मुन्शी म्हणायला सुरुवात केली.

साहेब पूर्वी कराचीत होते, हिंदुस्तानी छान बोलायचे, पण त्यांना आपली लिपी वाचता येत नसे. दर शनिवारी सकाळी लंडनहून त्यांच्या मेहुण्याची तार यायची: कोणते घोडे उतरणार, त्यांचे नंबर काय, पाऊस पडलाय का. त्यावरून मी सहा शर्यतींचा अंदाज लिहायचा, आमच्या टायपिस्टने त्याचं स्टेन्सिल कापायचं आणि दुपारपर्यंत वीस-पंचवीस प्रती साहेब लोकांच्या क्लबात पोचवायच्या. कागदाच्या तळाशी एकच ओळ मोठ्या अक्षरांत असायची, दिवसभरातल्या सगळ्यांत खात्रीच्या घोड्याची. तिला ते 'नॅप' म्हणत. जागा वाचावी म्हणून त्या ओळीत फक्त शर्यत आणि घोड्याचा नंबर असे.

टायपिस्ट गोव्याचा. पन्नाशीचा, ख्रिश्चन, पोर्तुगीज शाळेत शिकलेला. त्याची कोकणी रोमन लिपीतली, माझी मराठी देवनागरीतली. बोलायला लागलो की मात्र आमचं एकमेकांना सगळं कळायचं. तो मला 'बाबा' म्हणायचा. दुपारी त्याच्या डब्यातलं मासळीचं लोणचं तो मला न विचारता वाढायचा. त्याच्या दोन मुली मडगावला शिकत होत्या. माझ्या मायचा हजचा अर्ज त्यानेच टाइप केला होता, एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी येऊन. मी चहा पाजतो म्हणालो तर म्हणाला, "चहा ऱ्हावं दे. तुझ्या आईला सांग, तिथे गेली की माझंही नाव घे म्हणून." मी ते मायला पत्रात कळवलं, पण नाव लिहायचं राहून गेलं.

मायचा नंबर तीन वर्षं लागत नव्हता. त्या वर्षी लागला. मामा तिच्यासोबत जाणार होते. पण तिने गावच्या मास्तरांकडून मला पत्र लिहवून घेतलं: 'तुला बघितल्याबिगर मी जहाजात पाय ठेवणार नाही. गेलेलं माणूस परत येईलच असं नाही.' मी तिला ओळखून होतो. ती खरंच पाय ठेवणार नव्हती, आणि या वयात पुन्हा नंबर लागायची वाट बघणं म्हणजे हज सोडून देणंच. मुंबईची आगबोट सोमवारी सुटणार होती. ती चुकली तर पुढची पंधरा दिवसांनी, आणि हजचं जहाज त्याआधीच निघालेलं असणार.

रजेचा अर्ज घेऊन मी गुरुवारी साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. "शनिवार को लंडन से बडा साहब आ रहा है. मैंने उसको बोला है, मेरे पास ऐसा आदमी है जिसका नॅप खाली नहीं जाता." मग हसून म्हणाले, "अच्छा शनिवार दो, इतवार को छुट्टी लो."

मला राग आला. माझ्या आईचं हज एका घोड्याच्या पायाला बांधलं होतं. पण राग गिळून "येस सर" म्हणालो, कारण दुसरं काही म्हणायची माझी ऐपत नव्हती.

शनिवारी तार यायला उशीर झाला. नऊ वाजले, दहा वाजले. बाहेर वाऱ्याने धूळ उठली होती, खिडक्या लावूनही कागदांवर वाळूचा थर बसत होता. साडेदहाला तार आली. विलायतेत दोन दिवस पाऊस, जमीन ओली. मी मनात अल्लाचे आभार मानले, कारण ओल्या जमिनीवरची एक घोडी मी आठवडाभर हेरून ठेवली होती. तीनदा चिखलात उतरली होती, दोनदा जिंकली होती. चौथी शर्यत, चार नंबर.

घाई इतकी होती की हात आपोआप मराठी आकड्यांवर गेला. शाळेत पाढे मराठीत शिकलो, त्यामुळे इंग्रजी कितीही लिहिलं तरी मनात आकडे मराठीच चालतात. बाकी सगळा कागद इंग्रजीत लिहिला. नंबर मात्र शेवटच्या ओळीत घसरला. शर्यत अक्षरांत लिहिली, 'फोर्थ', आणि पुढे घोड्याचा नंबर, ४.

स्टेन्सिल कापून झालं की मी ते वाचायचं, असा आमचा नियम होता. प्रूफ तपासणं हीच तर माझी विद्या. पण आगबोटीच्या एजंटाने बाराच्या आत येऊन जागा पक्की करा म्हणून निरोप पाठवला होता आणि त्याची पेढी खाडीपलीकडे होती. मी टायपिस्टला म्हणालो, "तू कर, मी आलोच."

"वाचून जा रे बाबा," तो म्हणाला. "पाच मिनटांचं काम."

मी होडीत बसलो होतो तेव्हा माझं वाचून झालेलं नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. परत आलो तोवर ड्रायव्हर प्रती घेऊन गेला होता.

संध्याकाळी साहेबांनी मला क्लबात बोलावून घेतलं. आत जायची मला मुभा नव्हती. मागच्या व्हरांड्यात, रेडिओच्या खिडकीपाशी उभा राहिलो. आत पंखे, ग्लासं, हसणं. एक साहेब वही घेऊन सगळ्यांच्या पैजा लिहून घेत होता. शेजारच्या वेताच्या टेबलावर आमचा कागद पडला होता. वेळ जात नाही म्हणून मी तो उचलला, आणि प्रूफ तपासणाऱ्याची नजर आपोआप तळाला गेली.

नॅप. चौथी शर्यत. नंबर आठ.

आधी मला वाटलं, डोळ्यांत धूळ गेलीय. मग सगळं लख्ख कळलं. ज्याने देवनागरी कधी गिरवली नाही त्याला आपला ४ घाईत इंग्रजी आठासारखाच दिसणार. वरच्या यादीत आठ नंबरचा घोडा पाहिला. तो कोरड्या जमिनीवरचा. चिखल दिसला की अंग चोरायचा. आत लंडनचा मोठा साहेब हसून म्हणत होता की एवढ्या चिखलात आठ नंबर म्हणजे वेडेपणा आहे. आमचे साहेब म्हणाले, माझा माणूस सांगतोय, आणि त्यांनी वहीत आठ लिहायला सांगितलं.

शर्यतीला वीस मिनिटं होती. दार पाच पावलांवर होतं. आत जाऊन "सर, आठ नाही, चार" एवढंच म्हणायचं होतं. पण चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं असतं. आकडा माझा, आणि प्रूफ वाचलं नाही तेही मीच. मोठ्या साहेबासमोर शोभा झाली की रजा संपली. मी कागद होता तिथे ठेवला, घडीवर घडी अगदी पहिल्यासारखी. मग मी आठ नंबरसाठी दुआ मागू लागलो. हराम खेळातल्या चुकीच्या घोड्यासाठी दुआ मागणारा माझ्यासारखा मीच.

रेडिओ खरखरत होता. लंडनचा आवाज लाटेसारखा वर यायचा आणि बुडायचा. आधी कुठल्या तरी सामन्याचं बोलणं झालं, मग हवामान, मग शर्यतींचे निकाल. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीचं नाव घेताना आवाज बुडाला, आणि वर आला तेव्हा माझ्या घोडीचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट ऐकू आलं. ती जिंकली होती. आठ नंबर पहिल्या तिघांत नव्हता. आत मोठा साहेब एकटाच हसला.

रविवारी सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टायपिस्टने माझा हस्तलिखित कागद सांभाळून ठेवला होता. त्याने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, मला आठ दिसला."

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मुन्शी, ये क्या लिखा है?"

"चार, सर."

"आठ जैसा नहीं दिखता?"

"नहीं सर. हिंदुस्तान का बच्चा भी इसको चार पढेगा."

"और टाइप होने के बाद तुमने देखा नहीं?"

"मेरे हाथ में आया नहीं, सर."

आमच्या मराठी शाळेतले गुरुजी 'नरो वा कुंजरो वा' समजावून सांगायचे तेव्हा आम्ही मागच्या बाकावर हसायचो. त्या सकाळी मी एकही शब्द खोटा बोललो नाही. कागदावर चारच होता, स्टेन्सिल माझ्या हातात आलंच नव्हतं. आणि तरी आयुष्यात एवढं मोठं खोटं मी पुन्हा बोललो नाही.

साहेब टायपिस्टला म्हणाले, "खलास. महिने का पगार लो और जाओ." मग माझा अर्ज ओढून त्यावर सही केली.

बाहेर आल्यावर टायपिस्टने मशीनवर झाकण घातलं, लोणच्याची बाटली पिशवीत टाकली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो इतकंच म्हणाला, "वाचून गेला असतास तर बरं झालं असतं रे." मग पिशवी उचलून म्हणाला, "यल्ला, चल निघ, बोट चुकवू नको."

बोट चुकली नाही. मुंबईच्या धक्क्यावर माय पांढऱ्या कपड्यांत बसली होती, आल्या-गेल्या प्रत्येकाची माफी मागत होती. हजला जाताना कुणाचं मन दुखावलेलं मागे ठेवायचं नसतं. माझी पाळी आली तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. "बाला, बोललंचाललं माफ कर. आणि तुझ्याकडून कुणाचं काय ऱ्हायलंय का? असलं तर निस्तरून टाक, माझ्या हजला डाग नको."

"नाही माय," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी परत आलो तेव्हा त्याच्या खुर्चीवर एक मल्याळी मुलगा बसला होता. गोवेकर कुवेतला गेला म्हणे; कुणी म्हणालं, गावी गेला. मडगावचा पत्ता कुणाकडेच नव्हता. मी साहेबांना सांगून टाकलं की मला यापुढे घोडे जमायचे नाहीत. त्यांनी कारण विचारलं नाही.

माय सुखरूप परत आली. तिचं पत्र आलं, तेही मास्तरांच्या अक्षरात. खजूर आणि झमझमचं पाणी कुणाकुणाला दिलं ते लिहून झाल्यावर शेवटी होतं: 'तुझ्या हाफिसातल्या त्या गोवेकर भावासाठी अराफातच्या मैदानात दुआ मागितली. नाव तू कळवलं नव्हतंस. म्हणून म्हटलं, या अल्ला, माझ्या पोराच्या शेजारी बसतो तो.'