तांबूचं औषध

येवल्यात सावळीरामतात्यांच्या घरातून दिवसभर मागाचा आवाज येई, माणसाचा क्वचितच. बायको कुसाबाई वारल्यापासून ते एकटेच होते. मुलगी मोहिनी नाशिकला दिलेली. रविवारी तिचा फोन येई. तब्येतीचं विचारून झालं की पुढे काय बोलावं, हे दोघांनाही सुचत नसे.

तात्या पैठणी विणत आणि तांबू कुत्रा मागाशेजारी पडून राही. त्याला कुसाबाईनंच रस्त्यावरून उचलून आणलेलं. ती होती तोवर तात्या त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. आता संध्याकाळी ते ओट्यावर बसले की तांबू मांडीवर डोकं टाकी आणि त्यांचा हात त्याच्या मानेवरून फिरत राही. साऱ्या दिवसात हात लावायला तेवढंच एक जिवंत अंग होतं.

एका संध्याकाळी बोटांना गोचीड लागले. कानामागे, मानेखाली, पंजांच्या बेचक्यांत. ओढून काढले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. शेजारच्या दिनेशच्या गोठ्यात म्हशींवरच्या गोचिडांचं औषध होतं, ती बाटली तात्या ओट्यावर घेऊन आले. पाण्यात किती घालायचं ते बाटलीवर लिहिलेलं, पण अक्षर बारीक आणि चष्मा घरात. तात्यांनी पाणी न घालताच औषध फडक्यावर ओतलं आणि तांबूच्या अंगभर चोळलं. तांबू ओलं अंग चाटत बसला.

थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला फेस आला, मागचे पाय लटपटायला लागले. तात्यांच्या हाकेसरशी दिनेश धावत आला. त्यानं बाटलीही बरोबर घेतली आणि रिक्षानं दोघं तांबूला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर निकितानं बाटली वाचली, हातमोजे चढवले आणि आधी तांबूला साबणानं स्वच्छ धुतलं. मग इंजेक्शन, सलाईन. तात्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हीही हात धुवा, काका. ते तुमच्याही अंगात जातं."

तांबूला तिथंच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तात्या मागावर बसले खरे, पण धागा सारखा तुटत होता. शेवटी ते उठले आणि दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसले.

तांबू वाचला. विष पुरतं उतरून तो खायला-प्यायला लागल्यावर निकितानं त्याचं वजन केलं आणि त्या वजनाला चालेल असं, कुत्र्यांसाठीचंच औषध दिलं. खांद्यांच्या मधोमध, केस बाजूला करून कातडीवर सोडायचं. तिथं त्याची जीभ पोचत नाही. "वाळेपर्यंत, म्हणजे उद्यापर्यंत, त्याला हात लावू नका," ती म्हणाली.

"अजिबात नाय लावायचा?"

"अजिबात नाही."

औषध सोडून झाल्यावर त्या संध्याकाळी घरी तांबू सवयीनं मांडीकडे आला. तात्या उठून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. तो तिकडे गेला, हे इकडे आले. शेवटी तो बिचारा लांबच बसून बघत राहिला. तात्या त्याच्याशी बोलायला लागले. मोराच्या नक्षीत चुकलेल्या रंगाबद्दल, मग कुसाबाईच्या दुखण्याबद्दल.

रविवार नव्हता, तरी त्यांनी मोहिनीला फोन लावला.

"बाबा? काय झालं?"

"तांबू मरता मरता वाचला. माझ्याच हातून झालं. लय भ्यालो होतो, पोरी."

ती म्हणाली, "सांगा ना सगळं."

त्यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर ओटा पुन्हा शांत झाला. तांबू सरकत हाताच्या अंतरावर येऊन झोपी गेला होता. तात्या हात मांडीवर ठेवून त्याच्या अंगाची वरखाली होणारी हालचाल बघत बसून राहिले.