गळू नये म्हणून केलेली रिंग

पहिल्या दिवाळसणाला जावयाला सोन्याची अंगठी द्यावी, अशी रीत आहे. माझ्या वडिलांनी लेन्स दिली.

आबा धुळ्याच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्याकडे एक रशियन कॅमेरा होता, वजनाला चांगल्या वरवंट्याएवढा. वीस वर्षं त्यांनी तो गळ्यात घालून स्नेहसंमेलनं, सहली आणि आम्ही बहिणी यांचे फोटो काढले. मग त्याच्या आतला पडदा फाटला आणि तो कपाटात गेला. लेन्स मात्र शाबूत होती. इकडे जळगावला माझ्या नवऱ्याने लग्नाआधी हौसेने एक जपानी कॅमेरा घेऊन ठेवला होता, मित्राकडून, वापरलेला, आणि नुसती बॉडी. लेन्स सावकाश घेऊ, असा त्यांचा विचार. आधी कुलूप घ्यायचं आणि दरवाजाचं पुढे बघू म्हणायचं, हा त्यांचा स्वभाव आजही तोच आहे. जावयाकडे लेन्सशिवाय कॅमेरा आहे आणि आपल्याकडे कॅमेऱ्याशिवाय लेन्स, हे ऐकल्यावर छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले असंच आबांना वाटलं. त्यांनी लेन्स मलमलीच्या फडक्यात गुंडाळली, ताटात ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं आणि जावयाच्या हातात दिली.

जळगावला आल्यावर कळलं की ती बसत नाही. आबांची लेन्स आट्यांची होती, बरणीच्या झाकणासारखी फिरवत फिरवत लावायची. नव्या कॅमेऱ्याला आटे नव्हते, खटका होता. आत घातली, जरा वळवली, खट् झालं की बसली. आता खरं सांगायचं तर दोन्ही घरंही तशीच होती. माझ्या माहेरी कुठलंही काम सात फेरे घेतल्याशिवाय होत नाही. चहा हवा का हे विचारायला आबा आधी हवापाण्याचं बोलतात. सासरी सगळं खटक्यावर. चहा झाला, पिऊन झाला, भांडण झालं, मिटलं, आणि मी अजून कपबशी शोधतेय. नवरा म्हणायचे, तुमच्याकडची लेन्स बघूनच मला कळायला हवं होतं.

मी हसायचे, पण मला ते लागायचं. कारण दिवाळीला आईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की लग्नापासून आबांचं जेवणात लक्ष नाही. पोरीला तिथे कोणी आपलं म्हणतं की नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात. हे मला ते कधी विचारणार नव्हते. दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड यायचं, त्यात लेन्सची चौकशी असायची आणि शेवटी मोठ्यांना नमस्कार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते स्वतः मला न्यायला येणार होते; मला भाऊ नाही, त्यामुळे मुराळी म्हणून तेच. तेव्हा ते लेन्सने काढलेले फोटो बघायला मागणार आणि त्यातूनच काय ते ताडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याकडे जेमतेम पाच-सहा महिने होते आणि लेन्स अजून फडक्यात होती.

सासरे, म्हणजे नाना, यांचं पंप आणि पाइपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. व्याह्यांची वस्तू घरात फडक्यात पडून राहते हे त्यांना बरं दिसेना. मधे एक रिंग घातली की बसेल, आतून आटे, बाहेरून खटका, असं नवऱ्याने कुठूनतरी ऐकून आणलं. अशी रिंग मुंबईला तयार मिळते म्हणे. नाना म्हणाले, मुंबईला कशाला, आपला टर्नर मेला काय? त्यांनी लेन्स आणि कॅमेरा पिशवीत घातला आणि टर्नरच्या लेथपाशी जाऊन बसले. दुपारचं जेवणसुद्धा त्यांनी तिथेच मागवलं. संध्याकाळी पितळेची लखलखीत रिंग घेऊन आले. लेन्स बसली, खट् वाजली, आणि नानांनी कॅमेरा उलटा धरून हलवून दाखवला.

"व्याह्यांना सांगा," ते म्हणाले, "आपल्या हातचा जोड गळत नाही."

टर्नरने आधी केलेली रिंग पातळ, बॉडीच्या तोंडात पूर्ण आत जाईल अशी होती. नानांना ती बघून धडकी भरली. पन्नास वर्षं पाण्याच्या जोडांत गेलेला माणूस. एवढ्याशा चकतीवर एवढं वजन? त्यांनी ती बाद केली आणि दुसरी करायला लावली, चांगली कॉलरवाली, म्हणजे बाहेरून जाड काठ असलेली. पंपाच्या जोडाला अशी कॉलर असते म्हणून पाणी गळत नाही. कॅमेऱ्यातून काय गळणार होतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

पहिला रोल अंगणात काढला. नवरा कॅमेऱ्यामागे, घरातली बाकी अकराच्या अकरा माणसं दोन ओळींत, नाना आणि सासूबाई पुढे खुर्चीत. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही. स्टुडिओतून प्रिंट आल्या तेव्हा अर्ध्या पांढऱ्याफटक होत्या, कारण या जोडणीत उजेड आवरणाऱ्या लेन्सच्या आतल्या पाकळ्या आपल्या हाताने मिटाव्या लागतात हे नवरा निम्म्या वेळा विसरले होते. उरलेल्या अर्ध्यांत अकरा भुतं उभी होती. अक्का म्हणाल्या, ही मधली मी असेन, पदरावरून वाटतंय. दुसऱ्या रोलला पाकळ्या आठवणीने मिटल्या, तरी भुतं तशीच. मग नवऱ्याने कॅमेरा माझ्याकडे ढकलला. तुझ्या आबांची वस्तू, तूच बघ, म्हणाले आणि कॅरम खेळायला गेले.

मी लहानपणापासून आबांच्या मागेमागे फिरलेली, त्यामुळे दोष शोधायला मला एक दुपार पुरली. लेन्स फिल्मपासून ठरलेल्या अंतरावरच बसावी लागते. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी जरी पुढे सरकली, तरी लांबचं दिसणं जातं. नानांच्या कॉलरने ती तेवढी पुढे सरकवली होती. लेन्सच्या कड्यावर शेवटी आडवा आठ कोरलेला असतो, त्याचा अर्थ अनंत, क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. आमचं अनंत सात फुटांवर संपत होतं. सात फुटांच्या आत या, लेन्स अशी काही लखलखीत दाखवायची की डोळ्यांतल्या शिरा मोजाव्यात. आठव्या फुटापासून भुताटकी.

मी हे नवऱ्याला सांगितलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, तू सांग नानांना. मी म्हटलं, तुमचे वडील. ते म्हणाले, तुझी लेन्स. आता आली का पंचाईत? लेन्स वाईट म्हणावं तर माझ्या बापाची लाज जाते, रिंग वाईट म्हणावं तर यांच्या बापाची. नाना तर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते की कॅमेऱ्याचे भागही आम्ही बनवतो. मी गप्प बसले, आणि सात फुटांत काय मावतं ते बघायला लागले.

सात फुटांत एकत्र कुटुंब मावत नाही. फार तर दोन माणसं मावतात, आणि चांगलं एकच. पण त्या घरात मी सून होते, आणि नवी. नानांसमोर डोक्यावरून पदर, त्यांच्याशी बोलायचं ते अक्कांमार्फत, आणि अक्कांशी बोलायचं ते भाजीत मीठ किती एवढंच. आठ महिन्यांत मी सासऱ्यांचा चेहरा सलग कधी बघितला नव्हता, पायातल्या वहाणा मात्र कुठेही ओळखल्या असत्या. आता मला त्यांच्या नाकासमोर तीन फुटांवर जाऊन उभं राहायचं होतं. भीती वाटत होती. रात्री ठरवायचे आणि सकाळी मोडायचे.

सुरुवात झोपलेल्या नवऱ्यापासून केली, कारण त्यात धोका नव्हता. तोंड उघडं, मिशीवर माशी. तो फोटो घरात इतका गाजला की अक्का स्वतःहून विचारायला आल्या, मी कशी दिसेन? त्या दिवशी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या. ज्वारीच्या पिठाच्या पातेल्यातून वाफ येत होती, अक्का उकिडव्या बसून ओल्या हाताने बिबड्या थापत होत्या. मी समोर बसले आणि सरकत सरकत तीन फुटांवर गेले. त्या म्हणाल्या, आणखी किती पुढे येतेस, कडेवर घेऊ का? मी म्हटलं, अक्का, हसू नका, हलतं. त्यावर त्या जास्तच हसल्या. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांची एक दाढ पडलेली आहे आणि त्या हसताना नेहमी तोंडावर पदर का घेतात. या वेळी हात पिठात होते, त्यामुळे पदर राहिला.

फोटो हातात घेऊन अक्का बराच वेळ बघत होत्या. लग्नानंतर त्यांचा एकटीचा फोटोच नव्हता. सगळे कोणाच्या ना कोणाच्या मांडवातले, बायकांच्या गर्दीत मागच्या रांगेत. त्यांनी तो पाटाखाली, पिठाच्या डब्यात, देवघरात असं तीन जागी ठेवून शेवटी नानांना दाखवला. दुसऱ्या दिवशी दाढी झाल्यावर ते दुकानाला निघेनात. टोपी घातली, काढली, परत घातली, आणि भिंतीकडे बघून म्हणाले की रिंग नीट चालते का हे एकदा तपासायला हवं.

मी पदर सावरला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. नाना उंबऱ्याकडे बघत होते, मग छताकडे, मग स्वतःच्या नखांकडे. सुनेसमोर बघायचं कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाकळ्या उघड्या, डोळे स्पष्ट, पण डोळे माझ्याकडे नाहीत. मी अक्कांना हाक मारणार होते, त्यांच्यामार्फत सांगायला. त्या विहिरीवर गेल्या होत्या.

"नाना, इकडे बघा," मी म्हटलं. "माझ्याकडे."

त्यांनी बघितलं. मी पाकळ्या मिटल्या, बटण दाबलं. नंतर ते घाईने वहाणा घालून गेले, त्याही उलटसुलट. पण त्या दिवसापासून ते मला हाक मारून पाणी मागू लागले, आणि दुकानातून आले की आज काय काढलंस, असं थेट विचारू लागले. चैत्रभर मी त्या घरात सात फुटांच्या आत फिरत होते. कोणाचा कान, कोणाचा भाकरी थापणारा हात, नणंदेची ओल्या केसांची वेणी. रोल धुणारा स्टुडिओवाला म्हणाला, वहिनी, जरा मागे सरकून काढत जा.

आखाजीच्या दोन दिवस आधी आबा आले. व्याही-व्याही जेवायला बसले आणि एकमेकांची टिंगल सुरू झाली, जी रीतीप्रमाणे व्हायलाच हवी. नाना म्हणाले, तुमच्याकडे जावयाला अंगठीऐवजी काच देतात. आबा म्हणाले, तुमच्या जावयाला तुम्ही काय, पंपाचा वॉशर देणार? जेवण झाल्यावर नानांनी कॅमेरा मागवला आणि उलटा धरून हलवून दाखवला. मी सुपारीचं तबक घेऊन दारातच थांबले.

आबांनी कॅमेरा घेतला. रिंगवरून अंगठा फिरवला. मग तो डोळ्याला लावून खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे वळवला आणि लेन्स शेवटच्या आडव्या आठापर्यंत नेली. ती तिथे थांबली, पण टाकी धूसरच. आबांचा हातही थांबला. वीस वर्षं वापरलेली लेन्स, त्यांना काय कळायचं राहिलं असणार? त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि नानांना म्हणाले की काम एकदम पक्कं आहे, असा जोड धुळ्यात होत नाही. नाना खूश होऊन पान लावायला आत गेले.

मी फोटोंचं पाकीट आबांच्या पुढे ठेवलं आणि तिथेच बसले. आबा एकेक फोटो हातात घेऊन, उजेडाकडे धरून बघू लागले, त्यांच्या नेहमीच्या संथ चालीने. अक्कांची हसताना दिसणारी पडलेली दाढ. नणंदेची वेणी. नानांचे डोळे, सरळ माझ्याकडे लागलेले. तो फोटो त्यांनी खाली ठेवून पुन्हा उचलला. किती अंतरावरून काढलास, असं विचारलं. मी म्हटलं, तीन फूट. अक्कांचा अडीच.

आबा आत पान लावणाऱ्या नानांकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून, घरच्या अहिराणीत त्यांनी जे विचारलं, ते मला लग्न झाल्यापासून एकदाही विचारलं नव्हतं.

"इतलं जवय जाऊ देतस का तुले आठला लोके?"

"देतस, आबा," मी म्हटलं.

इथली माणसं मला इतक्या जवळ जाऊ देतात, हे त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणायला गेले होते. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की ते खरं आहे, आणि मला रडू आलं. आबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. अक्कांचा फोटो वेगळा काढून त्यांनी विचारलं, हा नेऊ का, तुझ्या आईला दाखवतो.